एका गुडघ्याच्या पैशात दोन

११ सप्टेंबर २०२२, निपाणी

साईराज म्हणतो, मोठे गुंतवणूकदार रोज डायरी लिहितात. मग आपण का मागं राहायचं. मालकांच्या वखारीची डायरी दर दिवाळीला घरी येते, आजवर तिच्यात फक्त दूधवाल्याचे खाडे लिहिले. आजपासून गुंतवणूक.

मी परशराम. निपाणीत तंबाखूच्या वखारीवर उभा जन्म दिवाणजी होतो. दोन वर्षांमागं रिटायर झालो, तरी गल्ली अजून दिवाणजीच म्हणते. बायको मालू. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. बेळगावच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, दोन्ही बदलावे लागतील. पैसे आहेत एकाचे, आणि तेही माझे नव्हेत. येळ्ळूरच्या जमिनीचा वाटा मालूच्या भावानं, मष्णूनं, बहिणींना न भांडता दिला. ते दोन लाख तिच्या नावावर बँकेत आहेत. माझ्याकडं म्हणाल तर एक एफडी आहे, पण ती माझ्या बाराव्याच्या जेवणाची. वखारीतला एकूण एक माणूस जेवून गेला पाहिजे, पानात जिलबी पडली पाहिजे, दिवाणजी फुकट गेला असं कुणी म्हणता कामा नये. त्या एफडीला हात लावायचा नाही हे फार पूर्वी ठरलंय.

आमची लेक प्रियदर्शनी बेळगावात मास्तरीण आहे. ती काल आली होती आणि आईची भीती जावी म्हणून तिनं गुडघ्याच्या ऑपरेशनचा व्हिडिओ फोनवर दाखवला. मालूनं सगळा पाहिला. मग उठून भाकरी थापायला गेली. चला, धीराची आहे.

दुपारी माझी बैठक स्टँडजवळ साईराजच्या मोबाईलच्या दुकानात असते. चाळिशीचा माणूस आहे, शेअर बाजारातलं बरंच कळतं त्याला. आज म्हणाला, "आण्णा, चिपचं शेअर निम्म्यावर आल्यात. जगात मंदी हाय. हीच येळ."

"चिप म्हणजे काय रं?"

"नखाएवढी असती. पन मोबाईल, गाडी, मिक्सर, समद्यात तीच. तिच्याबिगर काय चालत न्हाय."

मला एकदम वखार आठवली. मंदीत घ्यायचं, बोद म्हणजे तंबाखूची पोती भरून थप्पी लावायची, मुरू द्यायचं, तेजीत काढायचं. मालकांचे तीन मजले याच्यावर उभे राहिले आणि तिन्हींचा हिशेब माझ्या हातचा. माल तंबाखूचा असो नाहीतर चिपचा, बाजार शेवटी बाजारच. एका गुडघ्याचे पैसे आज ठेवले तर जानेवारीत दोन गुडघे सुटतील.

मोठ्या कंपन्यांचा एक शेअर म्हणजे हजारांची गोष्ट. साईराजनं एक लहान कंपनी दाखवली, शेअर फक्त चौऱ्याऐंशी रुपये. नाव वेदगंगा सेमिकॉन. आमच्या नदीचं नाव. कंपनी तिकडं हैदराबादला आहे, पण मालकाचं मूळ इकडंच असणार. नदीचं नाव लावून कुणी फसवत नसतो.

१४ सप्टेंबर

पैसे मालूचे, म्हणून खातं मालूच्याच नावानं निघालं. ओटीपी तिच्या फोनवर येतो. मी तिला सांगितलं, बँकेचं काम आहे.

ती तांदूळ निवडत बसली होती. फोन लांब धरून आकडे वाचले, "सात, दोन, दोन, नऊ... अवो, हे सांगितलं की काय हुतंय?"

"काही नाही. पैसे जरा फिरून येतात."

"बरं," म्हणाली आणि पुन्हा तांदळात बघायला लागली. पुढं एक शब्द विचारला नाही. बायको असावी तर अशी.

२० सप्टेंबर

सत्याऐंशी. सहा दिवसांत तीन रुपये. म्हणजे गुडघ्याची वाटी तरी सुटली. येताना पेढे आणले. मालूला सांगता येईना कशाचे, म्हटलं साईराजच्या दुकानाला वर्ष झालं. त्याच्या दुकानाला नऊ वर्षं झालीत.

मालूनं पेढा तोंडात घातला नाही. रात्री म्हणाली, "मला आता लई दुखत न्हाय बरं का. डॉक्टर उगंच घाबरवत्यात."

दहा मिनिटांनी जिना चढताना कठड्याला धरून थांबली होती. बाईमाणूस, खर्चाला भिते. हिला काय ठाऊक खर्च वरचेवर कमी होत चाललाय.

६ ऑक्टोबर

दसरा झाला. वेदगंगा एकाहत्तर.

साईराजकडं गेलो तर म्हणाला, "घाबरू नका आण्णा, हे अॅव्हरेज करायचं चिन्ह हाय." म्हणजे पडल्या भावात आणखी घ्यायचं, की सगळ्या मालाची सरासरी उतरते. हे मला कुणी शिकवायला नको. शहाण्णव साली तंबाखू पडली तेव्हा मालकांना मीच म्हटलं होतं, घ्या अजून. निम्मे पैसे मी राखून ठेवले होते, ते आज घातले.

ओटीपीला मालूनं फोन स्वतःहून पुढं केला. वर विचारते, "पडलं काय?"

"काय पडलं?"

"न्हाय, काय वाजल्यागत झालं."

संध्याकाळी तिनं देवीपुढं साखर ठेवली, शेवयांची खीर केली. दसरा काल होऊन गेला, आज खीर कशाची कोण जाणे. तिनं स्वतः दोन वाट्या खाल्ल्या.

१ नोव्हेंबर

मष्णूचा फोन, बेळगावातून. सीमाभागाच्या काळ्या दिनाच्या मिरवणुकीला काळी फीत लावून आलता, मागं घोषणा चालल्या होत्या. त्यातनं ओरडून विचारतो, "दाजी, आक्काचा गुडघा कवा?"

मी पण ओरडून म्हणालो, "एक नाही, दोन्ही करतोय."

"दोनाचं पैसं कुटलं?"

"वाढवतोय."

तिकडं घोषणा थांबल्या असाव्यात, कारण तो हळू बोलला. "दाजी, जमीन जागची हालत न्हाय, म्हणून परवडत्या. तुमी काय करताय ते सांगा तरी." मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. शेतकरी माणूस, त्याला बाजार कुठं कळणार.

त्रेसष्ट.

१४ नोव्हेंबर

आज आनंदाचा दिवस, आणि आजच बाजारानं मूर्खपणा केला.

कंपनीचा तिमाही हिशेब आला. साईराजनं छापून आणला, त्यातलं त्याला काही लागेना. मी चष्मा लावला. हिशेब कुठल्याही भाषेतला असू दे, माल कुठं लिहितात ते मला कळतं. विक्री कमी, असू दे, मंदीच आहे. पण गोदामातला माल बघितला आणि माझ्या अंगावर काटा आला. गेल्या वर्षीच्या तिप्पट. तिप्पट. मंदीत दम धरून तिप्पट माल भरणारा मालक म्हणजे वाघ. आमच्या मालकांनीही एवढी छाती कधी केली नाही.

आणि बाजारानं काय करावं? शेअर एका दिवसात वीस टक्के खाली. मी साईराजला म्हटलं, "ह्या लोकांनी जन्मात वखार बघितली नाही. हा सगळा माल आत मुरतोय. तेजी आली की दार उघडायचा अवकाश."

साईराज म्हणाला, "आण्णा, तुमी म्हणताय तर आसंल."

कागदावर कंपनीचा फोन नंबर होता. लावला. एक मुलगी हिंदीत बोलली. मी सांगितलं, मी तुमचा भागीदार, निपाणीहून. तुम्ही माल भरला हे फार चांगलं केलंत, फक्त ओल सांभाळा. थप्पी भिंतीला टेकवू नका, वारा खेळू द्या, आणि महिन्याला खालचा माल वर करत जा, म्हणजे सारखा मुरतो. मुलीनं मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाली, "सर, हम नोट कर लेते हैं।" कुणी ऐकून घेतं म्हटल्यावर बरं वाटलं. रिटायर झाल्यापासून मालाबद्दल कुणी मला विचारलं नव्हतं.

घरी आलो तर मालूनं पुन्हा साखर ठेवलेली.

२७ नोव्हेंबर

प्रियदर्शनी आली आणि वादळ घेऊन आली. तिनं दवाखान्यात तारीख घेतलीय, जानेवारीची वीस. म्हणाली, "आप्पा, आईच्या दोन लाखांची एफडी असेल ना, तिची पावती काढून ठेवा, मोडायला वेळ लागतो."

मी पोह्याची बशी खाली ठेवली. पन्नाशीच्या खाली भाव. म्हणजे गुडघा तर सोडाच, खालची नडगीसुद्धा यायची नाही. मी म्हणालो, "पावती... बघावं लागेल."

तेवढ्यात मालू स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझ्यापाशी हाय गं ती. कपाटात. मी देती तुझ्या आप्पास्नी."

बिचारी. कुठली तरी जुनी पावती असेल, तिला वाटतंय तीच. माझी सुटका झाली, पण चहा गोड लागला नाही. नंतर ती प्रियदर्शनीला म्हणत होती, "संक्रांत तोंडावर, लगीनसराई, एवढी कशाला घाई? मार्चात बघू की."

प्रियदर्शनी चिडली. "आई, तू रात्रभर बसून काढतेस, मला कळत नाही होय?"

हे मला नवीन होतं. मला झोप गाढ लागते.

८ डिसेंबर

आज काय झालं ते लिहायचा धीर होत नाही. पण लिहितो.

साईराजच्या दुकानात बसलो होतो. काउंटरखाली त्याचं एक मोठं खोकं असतं, पाय ठेवायला मी तेच वापरतो. आज सहज उघडलं. आत नवेकोरे मोबाईल, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, चाळीसएक तरी.

"साईराज, एवढा माल दाबून ठेवलास? तेजीची वाट बघतोस व्हय?"

तो हसला. "कसली तेजी आण्णा. चार वर्षांमागचं हाईत. स्वस्तात मिळालं म्हणून घेटलं आणि फसलो. त्यातली चिप जुनी झाली, नवीन काय त्याच्यावर चालतच न्हाय. आता फुकट दिलं तर पोरं घेत न्हाईत."

"चांगला आहे की माल. ओल न्हाय, कीड न्हाय."

"कीड कशाला लागाय पायजे? पुढची आली की मागची मेली."

मी खोकं बंद केलं, पण पाय पुन्हा त्यावर ठेवले नाहीत.

घरी येताना वखारीवरून आलो. दारातच तो वास आला, जुन्या तंबाखूचा. मी थांबलो. तंबाखू मुरते. चिप मुरत नाही, शिळी होते. कालच्या भाकरीसारखी. आणि माझ्या वाघानं तिप्पट भाकऱ्या थापून ठेवल्यात. बाजारातल्या त्या सगळ्या मूर्खांना हे नोव्हेंबरातच कळलं होतं. हैदराबादच्या त्या मुलीनं फोन ठेवल्यावर आजूबाजूच्यांना काय सांगितलं असेल, ते मनातून जात नाही.

१२ डिसेंबर

विकायला काढलं. साईराज म्हणाला, "लोअर सर्किट लागलंय." म्हणजे आज याहून खाली भाव उतरू देत नाहीत, आणि या भावाला घेणारा कुणी नाही. माल लावून बसायचं.

"घेणारा नाही म्हणजे? एकही?"

"लहान कंपनी हाय आण्णा. पडाय लागली की समदी दाराकडं पळत्यात. मोठीला कुनीतरी गिऱ्हाईक गावतंय."

तंबाखूचा चुरा खाली पडतो, तोही आम्ही झाडून मशेरीला विकला. धूळ विकली मी. आणि हे मला विकता येत नाही.

१६ डिसेंबर

चार दिवस हेच. आज पाचव्या दिवशी सर्किट सुटलं, भाव दोन रुपये वर आला आणि मी विकलं नाही. वाटलं, आता फिरला. हेही लिहून ठेवतो, म्हणजे पुढं मला कुणी शहाणा म्हणू नये.

१ जानेवारी २०२३

बत्तीस. प्रियदर्शनीला फोन करून तारीख पुढं ढकलली, म्हटलं आईच नको म्हणते. मालूनंही फोन घेऊन हो हो म्हटलं. दोघांचं इतकं एकमत लग्नानंतर पहिल्यांदाच झालं.

१६ जानेवारी

काल संक्रांत. मालू तिळगूळ द्यायला शेजारी मनुबाईंकडं निघाली आणि आपल्याच उंबऱ्यावर गुडघा निखळल्यासारखा होऊन पडली. हाड मोडलं नाही, पण मी आणि मनुबाईंनी मिळून उचललं तेव्हा ती ओरडली नाही, नुसतं माझं मनगट धरलं. मनगटावर अजून वळ आहेत.

रात्री मी मुद्दाम जागा राहिलो. ती खरोखरच झोपत नाही. भिंतीला टेकून बसते, दोन्ही हातांनी गुडघा धरते आणि लहान मुलाला थोपटावं तसं त्याला थोपटते. किती महिने हे चाललंय, आणि मी शेजारी घोरत दोन गुडघ्यांची स्वप्नं बघतोय.

पहाटे ती म्हणाली, "अवो, आता करूया आपरेशन."

१७ जानेवारी

सांगितलं.

सकाळी चहा तिच्या पुढ्यात ठेवला आणि जमिनीकडं बघत म्हणालो, "मालू, ते तुझे पैसे..."

"किती ऱ्हायल्यात?" तिनं विचारलं.

मला वाटलं मी चुकून आधीच बोलून गेलो. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? खातं माझ्या नावावर, फोन माझा. घेटलं की मेसेज, हप्त्याला हिशेबाचा मेसेज. मला इंग्रजी येत न्हाय, आकडं येतात की. दोन लाखाचं दीड झालं, दीडाचं एक झालं. परवा सत्तर हुतं."

"मग बोलली का नाहीस? पहिल्या दिवशी एक शब्द बोलली असतीस तर..."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग एकदम रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. "अवो, त्या व्हिडिओत हातोडी मारत्यात गुडघ्यावर. हातोडी. आनी करवत. आपला सुतार बरा म्हनायचा. तुमी आनी पोरगी मिळून ठरवलंसा, मला नगं म्हनाय तोंड न्हाय. मग भाव पडला की बरं वाटायचं. म्हनायची, चला, या म्हयन्यात काय न्हेत न्हाईत मला. देवीला साखर ठेवायची."

"म्हणजे माझा भाव पडावा म्हणून तू साखर ठेवत होतीस?"

"तुमचा कुटला? माझंच पैसं हुतं."

मी राग यायची वाट बघितली. तो आला नाही, लाजच आली. तिच्या माहेरची जमीन मी तिला न विचारता हैदराबादच्या वखारीत भरली, आणि ती भितेय हे मला चार महिन्यांत कळलं नाही. मला मालाची पारख आहे असं अख्खी निपाणी म्हणते.

"आता भीती वाटत नाही?"

"वाटत्या की. पन दुखनं आता हातोडीपरास मोठं झालंय."

२० जानेवारी

सगळं विकलं. चौसष्ट हजार आले. मालूनं ओटीपी सांगताना दर आकड्याला माझ्याकडं बघितलं.

मग बँकेत गेलो आणि माझ्या बाराव्याची एफडी मोडली. बाई म्हणाल्या, "दिवाणजी, मुदतीआधी मोडताय, व्याज बुडेल." म्हटलं, मी पण मुदतीआधी जात नाही आता, काळजी नसावी. आता मला मरायची सोय राहिली नाही. दोन्ही मिळून बरोब्बर एक गुडघा होतो. चार महिन्यांपूर्वी जेवढा होता तेवढाच, फक्त मध्ये माझं जेवण गेलं.

प्रियदर्शनीला फोनवर सगळं सांगितलं. तिनं मला जे सुनावलं ते या डायरीत मावणार नाही. शेवटी म्हणाली, "बाराव्याला मी घालीन जेवण, पण आप्पा, पानात जिलबी नाही मिळणार." मी म्हणालो, तू घालणार असलीस तर मी सावकाश येतो.

२ फेब्रुवारी, बेळगाव

उजवा झाला. आत नेताना मालू डॉक्टरांना म्हणाली, "हातोडी हळू मारा." डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्हाला कुणी सांगितलं?" तिनं प्रियदर्शनीकडं बोट केलं. पोरीची मान खाली गेली, ती पहिल्यांदाच बघितली.

दार बंद झाल्यावर मी बाकड्यावर बसलो. मला देवीपुढं काय ठेवावं सुचेना, म्हणून दवाखान्याच्या चहातली साखरेची पुडी खिडकीत ठेवली. हात जोडले आणि सांगितलं, आता पडायचं नाही, वर यायचं.

१६ फेब्रुवारी, निपाणी

मालू वॉकर धरून अंगणात तीन फेऱ्या मारते. उजवा पाय तालात पडतो, डावा मागून कुरकुरत येतो. रात्री झोपते. मी आता जागा असतो, सवय लागली.

साईराज भेटायला आला, सफरचंदं घेऊन. बसल्या बसल्या म्हणाला, वेदगंगाचा नवा हिशेब आला, गोदामातला सगळा माल भंगारात काढला, शेअर अकरा रुपये. मग माझ्याकडं बघून हळूच, "आण्णा, अकरा रुपयाला म्हंजे... डाव्या गुडघ्यासाठी जरा ईचार केला तर..."

मी काही म्हणायच्या आत मालूनं वॉकर थांबवला.

"डाव्याला कसली घाई रं साईराज? ऱ्हाऊ दे की वखारीत. मुरंल."

साईराज सफरचंदांची पिशवी ठेवून गेला. मी उठलो, तिच्या डाव्या बाजूला खांदा दिला आणि चौथी फेरी मारून आणली.